'टेक' म्हणजे फक्त 'घेणे' नव्हे

गेल्या महिन्यातील पालक सभेत एक सूचना मांडली गेली. इयत्ता पाचवीपासून पुढे इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणे पूर्णपणे बंद करावे, जो विद्यार्थी मराठी बोलेल त्याच्याकडून एक रुपया दंड घ्यावा आणि जमलेल्या रकमेतून ग्रंथालयासाठी इंग्रजी पुस्तके आणावीत, अशी ती सूचना होती. सभागृहात टाळ्याही पडल्या. विश्वस्त मंडळाने निर्णय लगेच न घेता शिक्षकांची मते मागवली, याबद्दल मंडळाचे आभार. इंग्रजी हा विषय शिकवणारा शिक्षक या नात्याने माझे मत या अंकात सर्वांसमोर ठेवत आहे.

सुरुवातीलाच सांगतो, सूचना करणाऱ्या पालकांच्या कळकळीबद्दल माझ्या मनात शंका नाही. बडोद्यात राहून मुलाला मराठी माध्यमात घालणे हा आज सोपा निर्णय राहिलेला नाही. शेजारचे मूल इंग्रजी माध्यमात जाते, फाडफाड बोलते आणि आपले मूल मात्र पाहुण्यांसमोर गप्प उभे राहते, हे पाहून कोणत्या आईवडिलांना वाईट वाटणार नाही? दुखणे खरे आहे. माझा आक्षेप आहे तो औषधाला.

मोठमोठ्या तत्त्वांची चर्चा न करता एकच लहानसा शब्द घेऊ. इंग्रजीतील 'टेक' हे क्रियापद. पहिल्या-दुसऱ्या वर्षातच मुले ते शिकतात. शब्दार्थाच्या वहीत ओळ असते, 'टेक म्हणजे घेणे'. पाठांतर होते, चाचणीत एक गुण मिळतो आणि शब्द 'झाला' असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो तिथे नुकता सुरू झालेला असतो.

आता हाच शब्द रोजच्या व्यवहारात कसा येतो ते पाहा. औषध घेणे म्हणजे 'टेक मेडिसिन'. इथे वहीतील अर्थ जुळला. भाग घेणे म्हणजे 'टेक पार्ट', काळजी घेणे म्हणजे 'टेक केअर', इथेही जुळला. पण फोटो? मराठीत आपण फोटो 'काढतो'. गुजरातीत 'फोटो पाडवो' म्हणतात, हिंदीत फोटो 'खींचते हैं' आणि इंग्रजीत मात्र 'टेक अ फोटो'. एकच कृती, पण मराठी माणूस काढतो, गुजराती माणूस पाडतो, हिंदी माणूस खेचतो आणि इंग्रज घेतो. आठवीच्या वर्गात हे फळ्यावर लिहिले तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, पाडल्यावर फुटत नाही का?" सगळा वर्ग हसला. मात्र त्या दिवसानंतर 'आय रिमूव्ह्ड अ फोटो' असे वाक्य त्या वर्गातील एकाही वहीत मला आढळलेले नाही. त्याआधी ते हमखास आढळत असे.

वेळेचे उदाहरण घ्या. 'स्टेशनवरून मांडवीला जायला पंधरा मिनिटे लागतात.' मराठीत वेळ 'लागतो', गुजरातीतही 'लागे छे'. इंग्रजीत म्हणतात, 'इट टेक्स फिफ्टीन मिनिट्स'. इथे 'घेणे' कोण करते आहे? कोणीच नाही. तो 'इट' केवळ जागा भरण्यापुरता उभा आहे. मुलाला 'टेक म्हणजे घेणे' एवढेच ठाऊक असेल तर हे वाक्य त्याला सुचणार नाही. सुचले तरी 'फिफ्टीन मिनिट्स आर अटॅचिंग' असे काहीतरी सुचेल. यात अतिशयोक्ती नाही. असे वाक्य मी स्वतः तपासले आहे.

आपण रिक्षा 'करतो'. इंग्रजीत 'वुई टुक अ रिक्षा'. आपण आंघोळ 'करतो', इंग्रजीत ती 'टेक' किंवा 'हॅव' करतात. चपला 'काढा' म्हणायचे तर 'टेक ऑफ युवर शूज'. विमान 'उडाले' यालाही 'टुक ऑफ'. समारंभ 'पार पडला' यासाठी 'टुक प्लेस'. एखादी गोष्ट 'गृहीत धरली' तर 'टुक इट फॉर ग्रँटेड'. मुलगी आईच्या 'वळणावर गेली' तर 'शी टेक्स आफ्टर हर मदर'. 'मी त्याला त्याचा भाऊ समजलो' यालाही 'आय टुक हिम फॉर हिज ब्रदर'. इतक्या जागी मराठीत वेगवेगळी क्रियापदे आहेत आणि इंग्रजी एकाच क्रियापदावर काम भागवते.

उलटही घडते. मराठीत 'घेणे' आहे पण इंग्रजीत 'टेक' चालत नाही, अशा जागाही पुष्कळ. आई म्हणते, "जेवून घे." यातल्या 'घे' चा हाताने काही घेण्याशी संबंध नाही. काम उरकून टाक, तुझ्यासाठीच आहे, असा त्याचा भाव आहे. गुजरातीतला 'जमी ले' आणि हिंदीतला 'खा लो' अगदी तसेच. इंग्रजीत इथे 'टेक' बसतच नाही. पण 'लिहून घे' म्हणायचे असेल तर 'टेक डाउन' बरोबर बसते. पाहुण्यांना आपण 'चहा घेणार?' असे विचारतो. त्याचे 'विल यू टेक टी?' हे सरळ भाषांतर आपल्याकडे सर्रास ऐकू येते. अर्थ कळतो, पण आज इंग्रजीत साधेपणाने विचारायचे तर 'वुड यू लाइक सम टी?' असे विचारतात.

या सर्वांत महत्त्वाचे उदाहरण परीक्षेचे. आपल्याकडे शिक्षक परीक्षा 'घेतात' आणि विद्यार्थी ती 'देतात'. गुजरातीत 'परीक्षा आपवी', हिंदीत 'परीक्षा देना'. इंग्रजीत नेमके उलटे आहे. तिथे शिक्षक परीक्षा 'गिव्ह' करतात, म्हणजे प्रश्नपत्रिका देतात, आणि विद्यार्थी ती 'टेक' करतात. ब्रिटनमध्ये परीक्षेला 'सिट' असेही म्हणतात. म्हणून 'आय गेव्ह माय एक्झाम लास्ट वीक' असे आपला मुलगा म्हणतो तेव्हा परदेशी माणसाला वाटू शकते की हा परीक्षक आहे. आपल्या एका माजी विद्यार्थ्याला नोकरीच्या मुलाखतीत याच वाक्यावरून हसू ऐकावे लागले. मुलगा हुशार होता, कामात वाकबगार होता. ते हसू त्याच्या मनातून बरेच दिवस गेले नाही, असे त्याने मला सांगितले. समोरच्यांनी हसायला नको होते, हे खरे. पण आम्ही त्याला हा फरक शाळेत सांगितलेला नव्हता, हेही तितकेच खरे आहे. त्याचा दोष मी माझ्याकडे घेतो.

आता पालकांनी एका गोष्टीचा विचार करावा. 'गिव्ह एक्झाम' ही चूक केवळ मराठी माध्यमातील मुले करतात का? मुळीच नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेली, वर्गात दुसरी भाषा कधी न बोललेली मुलेही हेच वाक्य बोलतात. कारण घरी कोणी मराठीत परीक्षा 'देतो', कोणी गुजरातीत 'आपतो', कोणी हिंदीत 'देता है'. वर्गात भाषेवर बंदी घालता येते, डोक्यात घालता येत नाही. मूल मनातल्या मनात भाषांतर करणारच. प्रश्न एवढाच की ते शिक्षकांच्या देखत होणार की चोरून. देखत झाले तर शिक्षक म्हणू शकतात, "इथे मराठीत देतात, इंग्रजीत घेतात, लक्षात ठेव." चोरून झाले तर चूक जशीच्या तशी पक्की होते आणि पुढे मुलाखतीच्या खोलीत बाहेर येते.

हे मी पुस्तकातून वाचून लिहीत नाही. गेल्या वर्षी मी स्वतः बंदीचा प्रयोग करून पाहिला आहे. आठवीच्या वर्गात एक महिना फक्त इंग्रजी, असा नियम केला. पैशाचा दंड नव्हता, पण मराठी बोलणाऱ्याचे नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले जाई. पहिल्या आठवड्यात मला वाटले, वर्गाला छान शिस्त लागली. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आले की ही शिस्त नव्हे, शांतता आहे. ज्यांना आधीच थोडेफार बोलता येत होते अशी चार-पाच मुले बोलत. उरलेली 'मे आय कम इन' आणि 'मे आय ड्रिंक वॉटर' यापलीकडे जाईनात. प्रश्न विचारणे तर थांबलेच.

तिसऱ्या आठवड्यातील एक प्रसंग मी विसरू शकत नाही. एक मुलगी माझ्या तासाला डोके बाकावर टेकून बसली होती. मी दोनदा हटकले. तिने मान वर केली, बोलली काही नाही. तास संपल्यावर दुसऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला तर अंग चांगलेच तापले होते. सकाळपासून ताप होता. "मग सरांना सांगितले का नाहीस?" असे बाईंनी विचारल्यावर ती म्हणाली, "इंग्रजीत कसे सांगायचे ते आठवेना आणि नाव फळ्यावर आले असते."

त्या दिवशी मी फळ्याचा तो कोपरा पुसला. ज्या भाषेत मुलाला 'मला बरे वाटत नाही' एवढे सांगता येते ती भाषा वर्गाबाहेर ठेवून आपण त्याला दुसरी भाषा शिकवू शकत नाही. त्याला फक्त गप्प राहायला शिकवू शकतो. दंडाचा एक रुपया लहान वाटतो, पण मूल तो रुपया वाचवण्यासाठी काय काय गिळते याचा हिशेब कोणत्याही वहीत येत नाही.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मराठीवर बंदी नको म्हणजे आजवर चालत आले तेच चालू द्यावे, असे मी म्हणत नाही. आपल्या वर्गांतून इंग्रजीचा तास पुष्कळदा मराठीतच संपतो. शिक्षक धडा वाचतात, ओळीओळीचे मराठीत भाषांतर सांगतात, मुले प्रश्नोत्तरे उतरवून घेतात. चाळीस मिनिटांत मुलाच्या तोंडून इंग्रजीचे एक पूर्ण वाक्यही निघत नाही. पालकांची तक्रार याबद्दल असेल तर ती मला शंभर टक्के मान्य आहे. आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या आणि त्यांचे लेखी इंग्रजी भक्कम झाले. त्या पद्धतीत निदान दोन्ही भाषांची वाक्ये समोरासमोर होती आणि मुलाला स्वतः वाक्य तयार करावे लागे. आपण मधल्या काळात वाक्ये सोडून दिली आणि सुटे शब्दार्थ तेवढे ठेवले. 'टेक म्हणजे घेणे' ही त्याचीच शिल्लक.

म्हणून माझे म्हणणे असे की मराठी वर्गात असावी, पण तिला नेमके काम द्यावे. पाच मिनिटे फरक समजावण्यासाठी मराठी, उरलेला वेळ ऐकण्या-बोलण्या-लिहिण्यासाठी इंग्रजी. इमारतीचा स्लॅब घालताना टेकू लावतात. टेकू म्हणजे घर नव्हे, हे खरे. पण स्लॅब ओला असताना टेकू काढला तर काय होते, हे सर्वांना माहीत आहे.

मराठी हा टेकू किती उपयोगी पडतो त्याची दोन उदाहरणे देतो. 'टेक' आणि 'ब्रिंग' यांत मुलांचा गोंधळ होतो. इंग्रजीतून कितीही समजावले तरी तो लवकर सुटत नाही. पण 'टेक म्हणजे नेणे, ब्रिंग म्हणजे आणणे' असे सांगितले की पाचवीच्या मुलालाही एका क्षणात कळते. वही घरी ने, वही शाळेत आण. हा भेद त्याच्या आईने त्याला कधीच शिकवून ठेवला आहे. आपण फक्त त्याची आठवण करून द्यायची. दुसरे उदाहरण भूतकाळाचे. मराठीत 'चहा घेतला, वही घेतली, औषध घेतले' अशी तीन रूपे मूल न चुकता वापरते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच 'टुक'. 'हे आपल्यापेक्षा सोपे आहे' असे मुलांना सांगितले की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. इंग्रजी आपल्यापेक्षा एखाद्या बाबतीत सोपी असू शकते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. जाता जाता उच्चारही सांगावा. 'टूक' असे लांबवायचे नाही, 'टुक' असे आखूड म्हणायचे.

भाषा एकमेकींच्या शेजारी ठेवून शिकणे ही बडोद्याला नवी गोष्ट नाही. श्रीमंत सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांना १८७५ साली दत्तक घेतले गेले तेव्हा ते नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावाहून आलेले बारा वर्षांचे बालक होते आणि अक्षरओळखही जेमतेम होती. त्यांचे शिक्षण इलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली झाले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या भाषा ते बरोबरीने शिकले. एकीसाठी दुसरीला बाहेर काढावे लागले नाही. पुढे याच राजाने सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानात लागू केला. १९३१ साली बडोदे संस्थानाने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश प्रसिद्ध केला. कारभारातील इंग्रजी शब्दांसाठी गुजराती, मराठी, हिंदी, संस्कृत, उर्दू इत्यादी भाषांतील शब्द त्यात शेजारी शेजारी मांडले आहेत. ज्या गावाने असा कोश केला त्या गावातील शाळेत मुलाने आपल्या भाषेतला शब्द उच्चारला म्हणून दंड व्हावा, हे मनाला पटत नाही.

आणि इंग्रजी तरी कुठे एकटी वाढली? गंमत अशी की 'टेक' हा शब्द मुळात इंग्रजीचा नाहीच. सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वी डेन्मार्क-नॉर्वेच्या बाजूचे लोक इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात येऊन राहिले. त्यांच्या भाषेतील 'टाका' या क्रियापदापासून 'टेक' आला. त्याआधी इंग्रजीत 'घेणे' यासाठी 'निमान' असा वेगळाच शब्द होता, तो हळूहळू मागे पडला. त्याची खूण 'नंब' म्हणजे बधिर या शब्दात उरली आहे, ज्याची जाणीव घेतली गेली तो नंब. मराठीत 'टाका' म्हणजे काय हे मुलांना ठाऊक असल्याने या माहितीवर वर्गात बराच वेळ हशा होतो. पण मुद्दा हसण्यापुरता नाही. घरातल्या शेजारी बाहेरचा शब्द आला म्हणून इंग्रजी बुडाली नाही, उलट श्रीमंत झाली. आपली मराठीही फारसी, कानडी, पोर्तुगीज शब्द पचवून उभी आहे. बडोद्याच्या मराठीत गुजराती शब्द किती आहेत, ते पुण्याचे पाहुणे आले की ते आपल्याला सांगतातच.

आता केवळ विरोध न करता काही प्रत्यक्ष सूचना करतो.

पहिली सूचना. शब्दार्थाच्या वहीऐवजी 'वाक्यवही' सुरू करावी. पानावर चार रकाने आखावेत, मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी. सुटा शब्द लिहायचा नाही, वाक्य लिहायचे. 'मी परीक्षा दिली', 'में परीक्षा आपी', 'मैंने परीक्षा दी', 'आय टुक द एक्झाम'. आपली मुले या चारही भाषांच्या आवाजात वाढतात. ही त्यांची अडचण आहे असे आपण समजतो. खरे तर हीच त्यांची पुंजी आहे.

दुसरी सूचना. पंधरवड्याला एकच क्रियापद घ्यावे. टेक, गिव्ह, गेट, मेक, डू, हॅव, पुट, कीप, गो, कम, ब्रिंग, टर्न, लुक, रन, सेट अशी पंधरा-वीस लहान क्रियापदे वर्षभरात होतील. कठीण, लांबलचक शब्द पाठ करण्यापेक्षा ही लहान क्रियापदे अंगवळणी पडली तर बोलणे मोकळे होते, असा माझा अनुभव आहे. रोजचे बोलणे मोठ्या शब्दांवर चालत नाही, या लहान शब्दांवर चालते.

तिसरी सूचना. ज्या तासाला मूल तोंडी बोलत असेल त्या तासाला चूक मध्येच तोडू नये आणि गुण कापू नयेत. चुका फळ्यावर नाव न लिहिता मांडाव्यात आणि 'हे वाक्य कोणत्या भाषेतून आले?' असे वर्गाला विचारावे. मुले स्वतःच शोधतात. चूक कुठून आली हे कळले की ती पुन्हा होणे कमी होते.

चौथी सूचना पालकांसाठी. 'आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही घरी काय शिकवणार?' असे अनेक आया मला सांगतात. त्यांना माझे उत्तर असे की तुम्ही मराठी शिकवा, तेच माझ्या उपयोगाचे आहे. संध्याकाळी मुलाला विचारा, 'काढणे' किती प्रकारे वापरतो ते सांग. फोटो काढतो, चपला काढतो, चित्र काढतो, रजा काढतो, भांडण उकरून काढतो, आठवण काढतो, कसेबसे दिवस काढतो. घरातील आजी यात कोणत्याही शिक्षकापेक्षा जास्त वाक्ये देईल. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारीन, यातील प्रत्येकाला इंग्रजीत काय म्हणतात? एकच शब्द सगळीकडे चालत नाही हे मुलाला आपल्या भाषेत दिसले की इंग्रजीतही ते खटकत नाही. आणि घरात औषधाची बाटली असेल तर तिच्यावरचे इंग्रजी मुलाकडून वाचून घ्या. 'टू बी टेकन आफ्टर फूड' म्हणजे जेवणानंतर घ्यायचे, एवढे जरी त्याने आजोबांना नीट समजावून सांगितले तरी त्या दिवसाचा अभ्यास झाला आणि आजोबांचेही काम झाले.

पाचवी सूचना विश्वस्त मंडळासाठी. दंडाच्या पैशातून पुस्तके आणण्याऐवजी प्रत्येक वर्गात, कपाटात कुलूपबंद न ठेवता, मुलांच्या हाताला येईल असा एक चांगला इंग्रजी शब्दकोश ठेवावा. केवळ अर्थ देणारा नको, वाक्ये देणारा हवा. 'टेक' या शब्दाला त्यात किती जागा दिली आहे हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे. ज्या शब्दाला आपण वहीत अर्धी ओळ दिली, त्याला कोशकार रकानेच्या रकाने देतात, हे पाहणे हाच एक धडा आहे. खर्च फार नाही. दोन-तीन माजी विद्यार्थ्यांना सांगितले तरी तो आनंदाने उचलतील.

एका प्रश्नाचे उत्तर राहिले. काही पालक म्हणतील, "सर, हे सगळे ठीक, पण शेजारचे मूल तर आजच बोलते आहे, आमचे केव्हा बोलणार?" मी खोटे आश्वासन देणार नाही. या पद्धतीने दोन महिन्यांत चमत्कार होणार नाही. पहिल्या वर्षी आपली मुले हळू बोलतील, थांबत थांबत बोलतील. पण जे बोलतील ते समजून बोलतील आणि चुकले तर का चुकले हे त्यांना सांगता येईल. शिवाय घरी आजीशी बोलताना त्यांना परक्यासारखे वाटणार नाही. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. म्हणजे आपण जे करतो आहोत ते मागासलेपणाचे नाही.

मला शाळा इंग्रजीत मागे राहिलेली नको आहे. माझा विषयच तो आहे. आपल्या मुलाने मुलाखतीत ताठ मानेने 'आय टुक द एक्झाम' म्हणावे ही माझीही इच्छा आहे. पण ती ताठ मान त्याला आठवीत फळ्यावर नाव लिहून मिळणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगायचे आहे की माझ्या तासाला अडलात तर मराठीत विचारा. इंग्रजीत कसे म्हणायचे ते आपण मिळून शोधू. त्या वर्षी ताप आलेली ती मुलगी चार दिवसांनी शाळेत आली तेव्हा तिने वहीत स्वतःहून एक वाक्य लिहून आणले होते, 'आय टुक मेडिसिन अँड आय ॲम बेटर नाऊ.' शुद्धलेखनाची एक चूक होती. मी ती त्या दिवशी काढली नाही.

विश्वस्त मंडळाची बैठक पुढील महिन्यात आहे. दंडाची सूचना मंडळाने स्वीकारू नये आणि वाक्यवहीचा प्रयोग निदान एका वर्गात एक वर्ष करून पाहू द्यावा, ही नम्र विनंती. तो वर्ग आठवीचा असावा. जबाबदारी मी घेतो.